अमेरिकन फुटबॉलमधल्या लाँग स्नॅपरला शिष्यवृत्ती मिळते का?

मिळते. आमच्या लेकाला मिळाली. अडीच हजार डॉलर, दोन हप्त्यांत. पण पहिल्यांदा ऐकलं तेव्हापासून पहिला हप्ता जमा होईपर्यंत चौदा महिने गेले, आणि त्या काळात मला पडलेल्या प्रश्नांची उत्तरं मराठीत कुठेच सापडली नाहीत. इथल्या शाळेत फुटबॉल खेळणारी मराठी मुलं आता बरीच दिसतात. त्यांच्या आईवडिलांसाठी हे सगळं तारीखवार लिहून ठेवते आहे.

आम्ही टेक्ससात, डॅलसच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात राहतो. नवरा एच-१बी व्हिसावर, मी आणि मुलगा एच-४ वर, म्हणजे त्याच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर. धाकटी इथेच जन्मली, त्यामुळे ती इथली नागरिक. एकाच घरातल्या दोन भावंडांपैकी एकाला सरकारी शैक्षणिक मदतीचा अर्ज भरता येतो आणि दुसऱ्याला येत नाही, हे मला त्या वर्षी खऱ्या अर्थाने कळलं आणि बरेच दिवस बोचत राहिलं.

माझं माहेर कोल्हापूर. फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियम, पाटाकडील तालीम विरुद्ध खंडोबा तालीम, आणि सामना बघून घसा बसवून घरी येणारे आबा. त्यांना नातवाने फोनवर सांगितलं, "आबा, मी फुटबॉल खेळतो, पण यात पायाने फक्त किक मारतात, बाकी सगळं हाताने." आबांनी विचारलं, "मग तू काय करतोस?" तो लाँग स्नॅपर. चौथ्या प्रयत्नात चेंडू लांब लाथाडून द्यायचा असतो, तेव्हा वाकून, दोन पायांमधून चेंडू पंधरा यार्ड मागे उभ्या असलेल्या पंटरच्या हातात फेकणारा. मैदानी गोलाच्या वेळी, म्हणजे चेंडू लाथेने खांबांमधून मारायचा असतो तेव्हा, हेच अंतर सात-आठ यार्ड. सामन्यात सात-आठदा हे काम येतं. चांगलं झालं तर कुणी पाहत नाही, चुकलं तर सगळं स्टेडियम पाहतं.

१३ ऑगस्ट २०२४. मंगळवार. सीनियर इयरच्या, म्हणजे शाळेच्या शेवटच्या वर्षाच्या, सुरुवातीला बूस्टर क्लबची बैठक होती. बूस्टर क्लब म्हणजे खेळाडूंच्या पालकांचा गट. सामन्याच्या दिवशी खाण्याचा स्टॉल चालवायचा, पैसे उभे करायचे, मुलांची जेवणं बघायची. तिथे एक वयस्कर गृहस्थ आले होते, निवृत्त कोच. आमच्या काउंटीतल्या एका छोट्या स्वयंसेवी संस्थेतर्फे ते दरवर्षी फुटबॉल खेळलेल्या सीनियर मुलांना कॉलेजसाठी शिष्यवृत्ती देतात. पैसा जूनमधली गोल्फ स्पर्धा आणि मे महिन्यातलं भोजन यांतून उभा राहतो. त्यांनी एक वाक्य बोललं ते मी वहीत लिहून घेतलं: पुढे कॉलेजात खेळायलाच हवं अशी अट नाही.

याचं महत्त्व समजायला थोडे आकडे हवेत. अमेरिकेत दहा लाखांहून जास्त मुलं हायस्कूलमध्ये फुटबॉल खेळतात आणि त्यांतली शंभरात सातच्या आसपास पुढे एनसीएएच्या, म्हणजे कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या संघटनेच्या, कुठल्या तरी संघात पोहोचतात. त्यातही तिच्या तिसऱ्या गटातली (डिव्हिजन तीनची) कॉलेजं आणि आयव्ही लीगची विद्यापीठं खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. म्हणजे खेळावर कॉलेज फुकट होणार ही आशा बहुतेक घरांनी सोडून द्यायला हवी. आम्ही ती कधी धरलीच नव्हती. पण चार वर्षं पहाटे पाचला उठून, ऑगस्टच्या टेक्सासी उन्हात सराव करून, शिवाय अभ्यास सांभाळून जे मूल उभं राहिलं त्याची दखल घेणाऱ्या छोट्या संस्था गावोगाव आहेत, हे मला माहीत नव्हतं. १९४७ साली सुरू झालेल्या नॅशनल फुटबॉल फाउंडेशनच्या देशभरच्या स्थानिक शाखाही खेळ, अभ्यास आणि नेतृत्व असं तिन्ही पाहून मुलांचा गौरव करतात. आमची संस्था त्यांची शाखा नाही, पण निवड साधारण त्याच धर्तीवर होते.

त्या रात्री पहिली गोष्ट केली ती संस्थेची खातरजमा. आयआरएसच्या, म्हणजे इथल्या कर खात्याच्या, संकेतस्थळावर करमुक्त संस्था शोधायची सोय आहे. नाव आणि गाव टाकलं की संस्था नोंदलेली आहे का, वार्षिक विवरण भरते का, ते दिसतं. अगदी लहान संस्था एका पानाचं ई-पोस्टकार्ड भरतात, तेही तिथे दिसतं. दुसरी खूण सोपी आहे. शिष्यवृत्तीच्या अर्जाला कुणी फी मागितली तर तिथून निघायचं. आमच्याकडे फी नव्हती.

मग व्हिसाचा प्रश्न आला. एच-४ वरच्या मुलाला केंद्र सरकारचा फॅफ्सा अर्ज भरता येत नाही. त्यामुळे सरकारी अनुदान नाही, सरकारी कर्ज नाही. टेक्ससमध्ये मात्र शाळा पूर्ण करायला फॅफ्सा, किंवा राज्याचा तास्फा, किंवा आम्हाला दोन्ही नकोत असं लिहून देणारा फॉर्म, यांपैकी एक काहीतरी द्यावंच लागतं. आम्ही तास्फा भरला. (राज्यात राहून इथलीच शाळा पूर्ण केल्यामुळे फी मात्र रहिवाशांच्या दराने लागली. हा फार मोठा फरक आहे. रहिवासाचे प्रश्न विचारणारा वेगळा फॉर्म येतो, तो घाईत भरू नका आणि आय-९४ (देशात आल्याची नोंद) आणि आय-७९७ (व्हिसाच्या मंजुरीचं पत्र) हाताशी ठेवा.)

खाजगी संस्थेला मात्र आपले नियम आपण ठरवता येतात. आमच्या संस्थेच्या मागच्या वर्षीच्या अर्जात नागरिकत्वाचा उल्लेखच नव्हता. पण सोशल सिक्युरिटी नंबरचा रकाना होता आणि लेकाकडे तो नंबर नाही. मी बरेच दिवस या रकान्यावर अडून राहिले. विचारलं तर ते नाहीच म्हणतील, न विचारता भरला तर शेवटी अर्ज बाद होईल. अखेर १८ सप्टेंबरला चार ओळींची ईमेल लिहिली: मुलगा कायदेशीर व्हिसावर आहे, नंबर नाही, अर्ज करू शकतो का? नऊ दिवस उत्तर नाही. दहाव्या दिवशी आलं, तेही चार ओळींचं. रकाना रिकामा ठेवा, धनादेश आम्ही विद्यापीठाला देतो, मुलाला नाही, त्यामुळे विद्यापीठाचा विद्यार्थी क्रमांक पुरेल. ती ईमेल मी छापून फाइलला लावली. तुम्हीही विचारा, आणि लेखी विचारा. मला ठाऊक असलेल्या दोन मराठी घरांनी केवळ हा रकाना पाहून अर्ज सोडून दिला होता.

सीझन चालू असताना अर्जाचं काही होत नाही. गुरुवारी रात्री जर्सी धुवायच्या, शुक्रवारी सामना, शनिवारी सकाळी व्हिडिओ बघायला पुन्हा शाळा. टेक्ससमध्ये नियम आहे की एखाद्या विषयात ७० च्या खाली गेलात तर किमान तीन आठवडे सामना खेळता येत नाही. १९८४ पासूनचा हा नियम घरोघरी 'नो पास, नो प्ले' म्हणूनच ओळखला जातो. त्यामुळे अभ्यासाचा धाक मला घालावा लागला नाही, तो कोचनीच घातला होता.

१८ ऑक्टोबरचा शुक्रवार. पाऊस पडून गेला होता, चेंडू ओला होता. तिसऱ्या क्वार्टरमध्ये आमचा संघ आपल्याच हद्दीत अगदी मागे रेटला गेला होता. लेकाने स्नॅप टाकला आणि तो पंटरच्या डोक्यावरून आमच्याच एंड झोनच्या, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्याच्या, बाहेर गेला. त्याला सेफ्टी म्हणतात, समोरच्यांना दोन गुण. सामना आम्ही एका गुणाने हरलो. मी स्टॉलवर नाचोजवर चीज ओतत होते. मला दिसलं नाही, फक्त आवाज ऐकू आला, आणि नंतर शेजारच्या आईने माझ्या पाठीवर हात ठेवला. घरी येताना गाडीत तो एक शब्द बोलला नाही. मीही बोलले नाही.

दोन आठवड्यांनी, १ नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजन शुक्रवारीच आलं. पाच वाजता पूजा केली, त्याने देवाला आणि आम्हाला नमस्कार केला, करंजी तोंडात टाकली आणि पॅड्सची बॅग उचलून गेला. शेवटचा सामना ८ नोव्हेंबरला झाला. पाच जिंकले, पाच हरले, प्लेऑफ नाही. त्या रात्री मैदानावर सगळे सीनियर गुडघ्यावर बसून रडत होते. दर शुक्रवारी त्याच्या मानेची, डोक्याची काळजी वाहिलेली मी, मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही.

अर्ज २ डिसेंबरला खुला झाला. शेवटची तारीख १४ फेब्रुवारी २०२५, संध्याकाळी पाच. मागितलेलं असं: शाळेचं अधिकृत ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या वर्षांचं गुणपत्रक) बंद पाकिटात, ४ पैकी किमान ३ जीपीए (गुणांची सरासरी), कोचचं पत्र, खेळाबाहेरच्या एका मोठ्या माणसाचं पत्र, स्वयंसेवेच्या तासांची नोंद, पाचशे शब्दांचा निबंध, आणि खेळातली आकडेवारी.

आकडेवारीच्या रकान्यापाशी आम्ही थांबलो. धावलेले यार्ड, पकडलेले पास, टॅकल, टचडाउन. स्नॅपरच्या नावावर यातलं काही नसतं. लेक म्हणाला, "आई, सगळीकडे शून्य लिहू?" शेवटी त्याने सीझनभराचे सामन्यांचे व्हिडिओ हडलवर, म्हणजे संघ व्हिडिओ ठेवतात त्या संकेतस्थळावर, पुन्हा बघितले आणि स्वतः मोजदाद केली. एकूण किती स्नॅप, त्यांतले किती पंटरच्या छातीच्या उंचीवर, किती चुकले. चुकलेला एक. रकाने ओलांडून त्याने ते समासात लिहिलं. लाइनमध्ये खेळणाऱ्या मुलांच्या आयांना माझं सांगणं आहे, हे मोजमाप सीझन चालू असतानाच दर आठवड्याला करून ठेवा. नाताळच्या सुटीतले चार दिवस त्यात गेले.

निबंधाचा विषय होता, फुटबॉलने तुम्हाला काय दिलं. पहिला खर्डा माझ्या सल्ल्याने झाला. शिस्त, चिकाटी, संघभावना, सगळे मोठे शब्द त्यात होते. त्याने तो मोठ्याने वाचला आणि म्हणाला, "हे कुणीही लिहील." मग दार लावून त्याने दुसरा लिहिला, १८ ऑक्टोबरच्या स्नॅपवर. मला तो वाचवेना. मी म्हटलं, शिष्यवृत्ती मागताना आपली चूक कोण सांगतं? त्यावरून घरात दोन दिवस अबोला होता.

त्या निबंधातून मला बऱ्याच गोष्टी कळल्या. हरल्यानंतरच्या सोमवारी तो सरावाच्या एक तास आधी गेला होता, आणि पंटर मुलगा न सांगता तिथे येऊन उभा होता. दोघांनी बादलीत बुडवलेले चेंडू घेऊन शंभर स्नॅप मारले. मग रोज. त्या आठवड्यात नववीतला एक मुलगा कुंपणापाशी उभा राहून बघायला लागला, तेव्हा याने त्याला आत बोलावून पकड कशी धरायची ते शिकवायला सुरुवात केली, कारण पुढच्या वर्षी शाळेला स्नॅपर लागणारच होता. निबंध त्या नववीतल्या मुलाच्या पहिल्या सरळ स्नॅपपाशी संपत होता. त्याने घरात यातलं काही सांगितलं नव्हतं. मी तो निबंध तसाच जाऊ दिला, फक्त दोन स्वल्पविराम घातले.

शिफारसपत्रांबद्दल. कोचकडे पत्र मागायला सीझन संपल्यावर एक आठवडा जाऊ द्या. त्या आठवड्यात त्यांच्यापुढे कुणीच जाऊ नये. पण डिसेंबरच्या आत मागा, कारण त्यांच्याकडे वीस मुलं येतात. सोबत एक पान द्या, ज्याला इथे ब्रॅग शीट म्हणतात. नाव असं असलं तरी त्यात बढाई नको असते, तपशील हवा असतो. कुठल्या वर्षी कुठल्या संघात होता, दुखापत कधी झाली, कुठे मदत केली, कुठल्या कॉलेजांना अर्ज केले. दुसरं पत्र आम्ही सार्वजनिक वाचनालयातल्या बाईंकडून घेतलं. तिथे त्याने दोन उन्हाळे लहान मुलांना वाचून दाखवायचं काम केलं होतं. स्वयंसेवेच्या तासांवर सही घ्यायला त्याला आठ महिन्यांनी परत जावं लागलं. सही त्याच दिवशी घेतली असती तर हे हेलपाटे वाचले असते.

सगळ्यात जीव टांगणीला लावला तो ट्रान्सक्रिप्टने. पहिल्या सत्राचे गुण जानेवारीत चढतात. सुटी संपून शाळा उघडते तोच ९ आणि १० जानेवारीला बर्फामुळे बंद राहिली. ट्रान्सक्रिप्टच्या विनंतीला शाळेचे दहा कामाचे दिवस लागतात. आम्ही १४ तारखेला मागितलं. २९ ला मिळालं, तर त्यावर सही नव्हती. शिवाय आमच्या शाळेत अवघड विषयांना जास्त वजन देऊन जीपीए काढतात, ४ च्या मापात तो छापलेलाच नव्हता. काउन्सेलर बाईंनी वेगळ्या पत्रावर ४ च्या मापातला आकडा लिहून दिला, ३.६. हे सगळं हातात यायला ६ फेब्रुवारी उजाडला. पत्रकात 'पोस्टात टाकलेला' नव्हे, 'पोहोचलेला' अर्ज असं लिहिलेलं होतं, म्हणून पोचपावतीसह सर्टिफाइड मेलने ७ तारखेला पाठवला. साडेदहा डॉलर लागले. सही झालेली हिरवी पोचपावती १३ ला घरी आली. आमच्या फ्रिजवर ती महिनाभर होती.

मग वाट बघणं. ४ मार्चला ईमेल, मुलाखतीला बोलावणं. २२ मार्च, शनिवार, सकाळी १०.४०, एका चर्चच्या सभागृहात. जॅकेट ८५ डॉलरला घेतलं. बाहेर खुर्च्यांवर अकरा मुलं बसली होती, त्यात दोन क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचा डाव चालवणारे खेळाडू, ज्यांची नावं मी लाउडस्पीकरवर वर्षभर ऐकली होती. पालकांना आत सोडत नाहीत.

पंधरा मिनिटांनी तो बाहेर आला. गाडीत सांगितलं. पाच जण होते, त्यांतले दोघे जुने खेळाडू, एक दंतवैद्य, एक निवृत्त शिक्षिका आणि ऑगस्टमध्ये भेटलेले ते कोच. अभ्यासाबद्दल थोडं विचारलं, पैशांबद्दल एक प्रश्न, कॉलेजचा बाकीचा खर्च कसा भागवणार. याने व्हिसाचं आणि सरकारी कर्ज मिळत नसल्याचं सरळ सांगितलं. शिक्षिकाबाईंनी विचारलं, घरात आधी कुणी फुटबॉल खेळलंय का, तर हा आबांबद्दल आणि कोल्हापूरच्या तालमींबद्दल बोलत राहिला. कोचनी शेवटी एकच विचारलं, "पुढच्या वर्षी तुमच्या शाळेत स्नॅप कोण टाकणार?" याने त्या नववीतल्या मुलाचं नाव सांगितलं, आणि त्याचा डावा अंगठा अजून कुठे चुकतो तेही.

३० मार्चला गुढीपाडवा. ११ एप्रिलला पत्र आलं. नऊ मुलांना मिळाली होती, आमच्या मुलाचं नाव सातवं होतं. मी पत्र हातात घेऊन स्वयंपाकघरात उभी राहिले आणि आधी कोल्हापूरला फोन लावला. तिकडे पहाट होती. आबा जागेच होते.

४ मेच्या भोजनाला विजेत्याला आणि आईवडिलांना आमंत्रण होतं, धाकटीचं तिकीट ४५ डॉलरला काढलं. तिथे एक गोष्ट मनाला भिडली. ज्यांच्या देणगीतून ही शिष्यवृत्ती होती ते दांपत्य आमच्याच टेबलावर होतं, गावात त्यांचं टायरचं दुकान आहे. त्यांचा मुलगाही कधीकाळी लाइनमध्ये खेळायचा. आभाराचं पत्र हाताने लिहून पाठवायचं असतं, ते लेकाने त्याच आठवड्यात पाठवलं.

इथे काम संपलं असं आम्हाला वाटलं होतं, पण पैशांची बाजू अजून राहिली होती आणि ती नीट समजून घ्या. १ मेपर्यंत विद्यापीठ पक्कं करून, विद्यार्थी क्रमांक आणि स्वीकृतीचा फॉर्म संस्थेला ३१ मेपर्यंत द्यायचा होता. विद्यापीठाच्या आर्थिक मदत कार्यालयालाही बाहेरून शिष्यवृत्ती मिळाल्याचं कळवावं लागतं. त्याआधी त्यांना विचारा, यामुळे तुमची मदत कमी होणार का? काही कॉलेजं बाहेरची रक्कम आली की आपलं अनुदान तेवढ्याने घटवतात. आमच्याकडे घटवण्यासारखं फारसं नव्हतंच. कराबद्दलही विचारून घेतलं. फी आणि सक्तीच्या पुस्तकांवर गेलेल्या शिष्यवृत्तीवर कर नाही, राहण्याजेवणावर वापरली तर तेवढी रक्कम करपात्र धरतात. आयआरएसच्या ९७० क्रमांकाच्या पुस्तिकेत हे आहे.

आणि मुख्य म्हणजे हे पैसे ऑगस्टच्या बिलाच्या वेळी येत नाहीत. आम्ही ते धरून चाललो होतो. संस्था नोंदणीचा दाखला मागते, आणि टेक्ससातली विद्यापीठं बाराव्या वर्गदिवशीची पटसंख्या अधिकृत मानतात. वर्ग २५ ऑगस्टला सुरू झाले, मधे लेबर डेची सुटी, बारावा दिवस आला १० सप्टेंबरला. तोवर बिल आमच्या खिशातून भरलं. विद्यापीठाची हप्त्यांची सोय घेतली, तिची थोडी फी पडली. दुसरा हप्ता जानेवारीचा, पहिल्या सत्रात २.५ जीपीए टिकला तर.

दाखला लेकाने ११ ला डाउनलोड करून पाठवला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, ३ ऑक्टोबरला, १,२५० डॉलर खात्यावर दिसले. शुक्रवार होता, मी शाळेच्या मैदानावर होते. मुलगा आता शाळेत नाही, तरी स्टॉलवर या वर्षीही नाव घातलंय. त्याचा मेसेज आला, पैसे जमा झाल्याचा स्क्रीनशॉट, आणि त्याखाली प्रश्न: "पंट झाला का? स्नॅप कसा पडला?"

मी चिमटा खाली ठेवला आणि कुंपणापाशी गेले.